ओल्शिंकेचा मुकुट

आमच्या गावची लोकसंख्या कुणी विचारली तर आधी विचारावं लागतं, कागदावरची हवी की खरी. कागदावर आम्ही एक्केचाळीस आहोत. त्यातले सात आयर्लंडात, पाच वॉर्सात आणि एक तुरुंगात, पण तो नाताळला येतो. उरले अठ्ठावीस. ते रविवारी चर्चमध्ये मोजता येतात, पाऊस नसला तर.

मोक्रे तालुक्यात चौदा गावं आहेत आणि त्यांत आमची ओल्शिंका सगळ्यांत धाकटी. नदीने एका जागी वाकण घेतलंय, त्या वाकणात रेती साचली आणि त्या रेतीवर आमचे पूर्वज येऊन बसले. का बसले ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. नदीपलीकडे दोन ढांगांवर लिपिनी आहे. तिथे काळी जमीन, दोनशे दहा माणसं, दुकान आणि छप्पर असलेला बसथांबा. मधे लाकडी फळ्यांचा पूल आहे, त्याच्या तीन फळ्या लिपिनीने बसवल्या आणि बाकीच्या आम्ही, हे आम्ही त्यांना दरवर्षी ऐकवतो.

गावची सरपंच माझी बायको रेगीना. आमच्या कुंपणावर सरपंचाची लाल पाटी आहे, ती रेगीना दर शनिवारी ओल्या फडक्याने पुसते. मला गावात सगळे ‘सरपंचबाईंचा नवरा’ म्हणतात. टपालवाली तर पाकिटावर माझं नाव असलं तरी तसंच म्हणते. मला त्याचं काही वाटत नाही. आधी वाटायचं.

जुलैच्या सुरुवातीला तालुक्याचे सभापती आले. अग्निशमनाच्या खोलीत बसले, आमच्या गावसभेची जागा तीच, रेगीनाने केलेला केक दोनदा घेतला आणि मग बॉम्ब टाकला.

‘‘सरपंचबाई, सप्टेंबरच्या बैठकीत विषय येतोय. ओल्शिंका लिपिनीला जोडायची. अठ्ठावीस माणसांना वेगळा सरपंच कशाला?’’

‘‘एक्केचाळीस,’’ रेगीना म्हणाली.

‘‘बरं, एक्केचाळीस. पण सुगीच्या सणाला दोन वर्षं तुमचा मुकुट नाही. तेरा गावं मुकुट घेऊन येतात आणि तुम्ही नुसतीच माणसं घेऊन येता. ज्या गावाला ओंब्यांचा एक मुकुट विणता येत नाही त्याला गाव कशाला म्हणायचं? यंदा घेऊन या, मग बोलू.’’

तिसरा तुकडा त्यांनी रुमालात बांधून नेला.

रेगीना रात्रभर कूस बदलत राहिली. तालुक्यातल्या दुसऱ्या कुठल्याही गावाला जोडलं असतं तरी तिने सोसलं असतं. पण लिपिनीची सरपंच म्हणजे तिची सख्खी थोरली बहीण लेओकादिया. आणि या दोघी नऊ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. वडील गेले, त्या दिवशी मातीहून परत आल्यावर सगळे जेवायला बसलो. लेओकादिया सूप चाखून म्हणाली, खारट झालंय. रेगीना म्हणाली, ज्याला खारट लागतं त्याने आपल्या घरी जाऊन प्यावं, हे घर आता तुझं नाही. लेओकादियाने चमचा खाली ठेवला, हातमोजे घातले आणि पूल ओलांडून गेली. त्यानंतर तिने ओल्शिंकेत पाऊल टाकलं नाही. आणि आता रेगीनाला तिच्या हाताखाली जायची वेळ आली होती.

‘‘तिच्याकडे जाऊन बसथांब्याची झाडलोट करण्याची परवानगी मागेन मी? मरेन,’’ रेगीना म्हणाली.

मुकुट म्हणजे माणसाच्या छातीइतका उंच. लोखंडी तारेचा सांगाडा आणि त्यावर ओंब्या, अगदी एकेक करून गुंफलेल्या. बायका विणतात, पुरुष उचलतात, पाद्री पाणी शिंपडतो. पण त्याला राय लागते, जिचा आमचा काळा पाव होतो ती. हल्लीच्या गव्हाला काडच नसतं, गुडघ्याएवढा गहू आणि वर भलंमोठं डोकं. आणि आमच्या गावात सगळ्यांनी मका नाहीतर पिवळी मोहरी धरलेली. राय उरली होती फक्त आमच्याकडे, रस्त्याकडेच्या छोट्या देवळीच्या मागच्या रेताड तुकड्यात, तीसुद्धा तिथे दुसरं काही उगवत नाही म्हणून.

‘‘बांधालगतचा दोन आरांचा पट्टा मुकुटासाठी,’’ रेगीनाने मला सांगितलं. ‘‘ओंबी अजून हिरवट आहे तोवर विळ्याने कापायची, पेंढ्या बांधायच्या आणि माळ्यावर उलट्या टांगायच्या. पिकली की दाणे गळतात. सोमवारी काप.’’

सोमवारी मी विळ्याला धार लावली. धार लावण्यात दिवस जातो, हे ज्याने विळा हातात धरलाय त्याला माहीत आहे. मंगळवारी शेजारच्या जाकूबचा नामदिन होता, म्हणजे त्याच्या नावाच्या संताचा दिवस, आणि तो कोरडा जात नाही. बुधवारी मंगळवारचा परिणाम होता. गुरुवारी सकाळी उठलो, विळा घेतला, आणि अंगणात पाहतो तर बोलेकचा हार्वेस्टर.

बोलेक शनिवारी येणार होता. पण भाड्याच्या हार्वेस्टरला शनिवार-रविवार नसतो. तो जेव्हा येतो तेव्हा येतो, आणि नको म्हटलंत तर पुढच्या वर्षी येतो. पश्चिमेला ढग चढत होते. रेगीना मोक्र्याला डॉक्टरकडे गेली होती.

‘‘बोलेक,’’ मी म्हणालो, ‘‘बांधाकडचा पट्टा सोडायचा हां.’’

‘‘कळलं,’’ बोलेक म्हणाला आणि इंजिन चालू केलं.

मी काही त्याच्या शेजारी बसलो नाही. मला लावी करायची होती. शेतातली शेवटची मूठभर राय उभी सोडायची, वरून तिची लाल फितीने वेणी बांधायची, खाली चपटा दगड ठेवून त्यावर पाव आणि मीठ. तिला आम्ही लावी म्हणतो, त्या पक्ष्यावरून. माझ्या बापाने कधी लावी चुकवली नाही, त्याच्या बापानेही नाही. ती सोडली नाही तर पुढच्या वर्षी शेत काही देत नाही. रेती तसंही काही देत नाही, पण ते वेगळं. तर मी लाकडी खांबाजवळचा झुपका निवडला, गुडघ्यावर बसलो आणि वेणी घालायला लागलो. मधे मान वर केली तर बोलेक सरळ माझ्यावर येत होता. मी उठून दोन्ही हात हलवले आणि ओरडलो, ‘‘इकडे नको, तिकडून घे, तिकडून.’’

बोलेकने हात वर करून कळल्याची खूण केली आणि वळवला. मी परत खाली बसलो. पाव ठेवला, मीठ टाकलं, फीत अशी बांधली की वेणीचं टोक वाऱ्यावर डुलेल. इतकी सुरेख लावी मी आयुष्यात केली नव्हती. उठलो तेव्हा इंजिन बंद झालं होतं आणि बोलेक खाली उतरून सिगरेट पेटवत होता. शेत बांधापासून बांधापर्यंत साफ होतं.

‘‘तूच म्हणालास ना तिकडून घे,’’ बोलेक म्हणाला.

मग आभाळ फुटलं आणि आम्ही दोघं हार्वेस्टरखाली बसून लावीकडे बघत राहिलो.

रेगीना पाच वाजता आली. ती शेतावर गेली, परत आली, स्वयंपाकघरात बसली, डोक्यावरचा रुमाल सोडला आणि परत बांधला. मी वाट बघत होतो की ओरडेल. ती ओरडली नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

‘‘लावी छान झालीय,’’ ती शेवटी म्हणाली.

रात्री जेवणाला नवे बटाटे, शेपू आणि ताक होतं. तिने माझ्या ताटात बटाटे मोजून ठेवले. चार.

दुसऱ्या दिवशी तिने पेलागिया आजींना बोलावलं. आजी चौऱ्याऐंशीच्या, आणि तालुक्यात मुकुटाचा सांगाडा वाकवायला त्यांच्याएवढं कुणी उरलं नाही. त्यांनी सगळं ऐकलं आणि माझ्याकडे मायेने बघितलं.

‘‘ओट्सचा करू या,’’ आजी म्हणाल्या. ‘‘त्रेसष्ट साली केला होता. मिरवणुकीतच गळला. चर्चपर्यंत नुसती तार पोचली.’’

‘‘राय पाहिजे,’’ रेगीना म्हणाली.

‘‘राय आहे एकीकडे,’’ आजी म्हणाल्या. ‘‘दरवर्षी लागते त्याच्या तिप्पट कापून टांगते ती.’’

रेगीना उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. कोंबड्यांना नुकतेच टाकले होते.

मग मी ठरवलं. घाण मी केली होती, ती मीच निस्तरणार होतो. रेगीनाला सांगितलं की झाब्वोत्येला चुलतभाऊ मिएतेककडे जातो, त्याच्याकडे राय आहे, बदल्यात त्याचं कोठार उभं करायला दोन-चार दिवस मदत करावी लागेल. तिने पावात डुकराची चरबी आणि काकडी घालून बांधून दिली. मी सायकल मोक्र्याच्या रस्त्याला घातली आणि देवळीपाशी वळून पूल ओलांडला.

लेओकादिया अंगणात उभी होती. रेगीनापेक्षा डोकंभर उंच आणि दंड माझ्याहून जाड. तिचा नवरा लोंगीन बाकावर बसून घेवडा सोलत होता. लोंगीनसारखा मऊ माणूस दोन्ही काठांवर मिळणार नाही.

‘‘या गेनेकराव,’’ लेओकादिया म्हणाली. ‘‘नऊ वर्षांनी वाट सापडली?’’

‘‘ताई, राय पाहिजे होती थोडी.’’

‘‘ऐकलंय. अख्ख्या तालुक्याने ऐकलंय. बोलेक काल इथे होता. लावी म्हणे फार सुरेख झाली.’’

लोंगीन घेवड्यात बघून हसला.

‘‘तिने पाठवलं तुम्हाला?’’ लेओकादियाने विचारलं. विचारताना ती माझ्याकडे बघत नव्हती, एप्रनची गाठ बघत होती.

खरं सांगायचं तर मी नाही म्हणणार होतो. पण ती गाठ ती उगाचच सोडत आणि बांधत होती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘हो. तिनेच पाठवलं.’’

‘‘काय म्हणाली? नेमकं सांगा.’’

‘‘म्हणाली, ताईकडे जा.’’

‘‘ताई म्हणाली?’’

‘‘ताईच म्हणाली.’’

लेओकादिया कोठाराकडे चालू लागली. आत तुळयांवर राय टांगलेली, पेंढीवर पेंढी, उंच आणि निळसर. मी खाली उभा राहून वर बघत राहिलो.

‘‘फुकट देणार नाही,’’ ती म्हणाली. ‘‘फुकट दिली तर ती म्हणेल उपकार केले. कष्टाने न्या. मागे बर्चची लाकडं पडलीत, ती फोडायची. लोंगीनची कंबर धरलीय.’’

लोंगीनची कंबर बरी होती, त्याने मला नंतर सांगितलं, पण बायकोने धरलीय म्हटल्यावर त्यालाही दुखायला लागलं होतं.

मागे जे पडलं होतं ते लाकडं नव्हती, ते जंगल होतं. कुऱ्हाड लेओकादियाच्या मापाची, दांडा लांब, डोकं जड. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत माझे तळवे सोलवटले. संध्याकाळी मी कुऱ्हाड खाली ठेवली तरी बोटं दांडा धरल्यासारखीच वाकलेली राहिली, त्यांनी मी सायकलची मूठ धरली आणि घरी गेल्यावर चमचा. लिपिनीचे लोक कुंपणावरून बघून जात; ओल्शिंकेत मात्र रेगीनापुढे लिपिनीचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती.

‘‘काय गेनेकराव, जोडणी झाली वाटतं आधीच?’’

‘‘लिपिनीत कामाला लागलात? बरं केलंत. इथे बसथांब्याला छप्पर आहे.’’

मी खाली मान घालून फोडत राहिलो. पण त्याहून अवघड होतं ते जेवण. लेओकादिया दुपारी मला मोठ्या वाटीत आंबट सूप वाढायची, त्यात अंडं, सॉसेज, आणि समोर बसून विचारायची, ‘‘काल घरी गेल्यावर काय म्हणाली?’’

आणि मी रचत होतो. पहिल्या दिवशी म्हणालो, तिने तुमची तब्येत विचारली. दुसऱ्या दिवशी म्हणालो, तुमचे गुडघे कसे आहेत ते विचारलं, कारण तब्येत आधीच झाली होती. लेओकादियाने लगेच दोन्ही गुडघ्यांची सविस्तर हकिकत सांगितली, डाव्याची जास्त, आणि म्हणाली तिला सांगा. मी म्हणालो, सांगतो. घरी मात्र मी मिएतेकच्या कोठाराची हकिकत सांगायचो. त्याला पहिल्या दिवशी दोन दारं होती, दुसऱ्या दिवशी तीन झाली. रेगीना माझ्या हातांना मलम लावायची आणि ऐकायची.

तिसऱ्या दिवशी शेवटचा ओंडका फोडला. लेओकादियाने स्वतः शिडी लावून पेंढ्या काढल्या, चादरीत बांधल्या आणि गाठोडं माझ्या सायकलवर चढवलं. मग हँडल धरून उभी राहिली.

‘‘तिला सांगा,’’ ती म्हणाली, ‘‘सूप खारट नव्हतं. मी सकाळपासून रडत होते, माझंच तोंड खारट झालं होतं. एवढं सांगा.’’

माझ्या मनात आलं, आत्ताच्या आत्ता खरं सांगावं. पण गाठोडं बांधलेलं होतं आणि माझ्यात हिंमत नव्हती. मी भित्रा माणूस आहे, हे मला माहीत आहे. पूल समोर होता तरी मी मोक्र्यावरून नऊ किलोमीटरचा फेरा घेतला, म्हणजे झाब्वोत्येच्या दिशेने गावात शिरता येईल. वाटेत दोनदा उतरून बसलो.

पेलागिया आजींनी अग्निशमनाच्या खोलीत गाठोडं सोडलं, एक काडी उचलली, उजेडात धरली आणि बोटांमधून फिरवली.

‘‘मिएतेकची राय?’’ त्यांनी मला विचारलं. रेगीना तेव्हा तार आणायला गेली होती.

‘‘हो आजी.’’

‘‘मिएतेक आपल्यासारखाच रेतीवर राहतो. ही छातीएवढी वाढलीय. एवढी उंच राय काळ्या मातीशिवाय होत नाही.’’ त्यांनी काडी परत पेंढीत खोचली. ‘‘माझ्या कोंबड्यांच्या खुराड्याचं दार लटकतंय, गेनेक. आणि चिमणीत घरटं आहे.’’

दार मी त्याच दिवशी बसवलं. चिमणी दुसऱ्या दिवशी.

तीन आठवडे चौघी बायका विणत होत्या. ओंब्या पाण्याने ओलावायच्या, तीन-तीनच्या जुड्या करायच्या, तारेवर दोऱ्याने आवळायच्या. दोरा बोटं कापतो. रेगीनाच्या दोन बोटांना कायम चिंधी होती. दिवसा ती मका, डुकरं आणि हिवाळ्यासाठी भरायच्या टोमॅटोच्या बाटल्या बघायची आणि दुपारनंतर खोलीत जाऊन बसायची. तिची पाठ संध्याकाळी सरळ होत नसे, ती वाकूनच घरी यायची. पण मी तिला गुणगुणताना ऐकलं. तिचे वडील गेल्यापासून मी तिचं गाणं प्रथमच ऐकत होतो. ती खूश होती आणि मला प्रत्येक घास जड जात होता.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी आम्ही मुकुट जाकूबच्या ट्रॉलीवर चढवला. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जण निघालो, पेलागिया आजी ट्रॉलीवर खुर्ची टाकून बसल्या आणि मुकुट धरून राहिल्या. मोक्र्याच्या मैदानावर चौदा मुकुट ओळीने मांडले होते. आमचा टोकाला, आणि त्याच्या बाजूला लिपिनीचा. त्यांचा आमच्याहून मोठा होता, वर खसखशीच्या बोंडांचा क्रूस. पण आमचाही काही कमी नव्हता. रेगीना आणि लेओकादिया आपापल्या मुकुटापाशी उभ्या होत्या. दोघींत हातभर अंतर आणि दोघी सरळ समोर बघत होत्या. मी मुकुटाच्या मागे उभा राहिलो, कारण तिथे सावली होती.

परीक्षक म्हणून शहरातल्या संग्रहालयातून एक बाई आल्या होत्या. पाठोपाठ सभापती. बाई प्रत्येक मुकुटापाशी थांबून वही काढायच्या.

‘‘फार सुबक विणलाय,’’ त्या आमच्या मुकुटाला म्हणाल्या. ‘‘राय गावचीच ना? नियम आहे, मुख्य धान्य गावचं हवं.’’

रेगीनाने एक क्षण माझ्याकडे पाहिलं. तिला नुसतं हो म्हणता आलं असतं. पण रेगीना खोटं बोलत नाही, तिचा तोच मोठा दोष आहे.

‘‘नाही,’’ ती म्हणाली. ‘‘आमची हार्वेस्टरने नेली. ही माझ्या नवऱ्याच्या चुलतभावाकडची, झाब्वोत्येहून आणलीय. विणलाय मात्र आम्ही.’’

बाईंचं पेन थांबलं. सभापतींनी खांदे उडवले. ‘‘सरपंचबाई, मग हा ओल्शिंकेचा मुकुट कसा म्हणायचा?’’

‘‘झाब्वोत्ये?’’ बाजूने आवाज आला. लेओकादिया वळली होती. तिने आमच्या मुकुटाची एक ओंबी दोन बोटांत धरली. ‘‘ही राय माझी आहे. गेनेकराव तीन दिवस लाकडं फोडून घेऊन गेले. तूच पाठवलंस ना त्यांना?’’

‘‘मी?’’ रेगीना म्हणाली.

‘‘माझे गुडघे विचारलेस तू.’’

‘‘तुझे गुडघे?’’

मग दोघींनी मुकुटामागे पाहिलं. त्यांच्यासोबत सभापतींनी, परीक्षक बाईंनी आणि दोन्ही गावांनी पाहिलं. मी टोपी काढली. दुसरं काही सुचलं नाही.

‘‘मी खोटं बोललो,’’ मी म्हणालो. ‘‘दोघींशीही. हिने काही पाठवलं नव्हतं. आणि ताई, तुमचा निरोप मी दिला नाही. रेगीना, ही म्हणत होती सूप खारट नव्हतं. ती सकाळपासून रडत होती, तिचंच तोंड खारट झालं होतं. एवढंच सांगायचं राहिलं होतं.’’

बँडवाले लांब तुताऱ्या पुसत होते. रेगीना खाली बघत होती आणि तिची चिंधी बांधलेली बोटं फ्रॉकवर काहीतरी शोधत होती. लेओकादियाचा चेहरा लाल झाला होता, मला वाटलं आता मुकुट उचलून माझ्या डोक्यात घालते.

सभापती मात्र खुशीत आले. त्यांनी दोन्ही हात चोळले. ‘‘म्हणजे प्रश्नच मिटला की. लिपिनीच्या रायीचा मुकुट. ओल्शिंका आताच लिपिनीत आली. सप्टेंबरला नुसती सही करायची.’’

लेओकादिया त्यांच्याकडे वळली.

‘‘सही कोण करणार?’’

‘‘तुम्हीच. लिपिनीच्या सरपंच म्हणून. गाव तुमचंच वाढतंय.’’

‘‘सभापती,’’ लेओकादिया म्हणाली, आणि तिचा आवाज मैदानभर जातो, ‘‘माझं लग्न होऊन एकतीस वर्षं झाली. एकतीस वर्षांत नवरा बोलला, सासू बोलली, मी एकदाही पिशवी भरून निघाले नाही. पण निघावंसं वाटलं तर जायला पूल होता आणि पलीकडे ओल्शिंका होती. नऊ वर्षं तिथे गेले नाही, तरी रोज सकाळी उठून बघते, आहे की नाही. आता तुम्ही ती लिपिनीत घालणार. मग मी नवऱ्यावर रुसून जायचं कुठे? लिपिनीतून लिपिनीत?’’

कुणीतरी आधी हसलं, मग सगळे हसले. लोंगीनही हसला, जरा बिचकत. सभापतींना हसावं की नाही ते कळेना, म्हणून ते अर्धं हसले.

‘‘आणि राय कुणाची विचारता,’’ लेओकादिया परीक्षक बाईंना म्हणाली, ‘‘तर लिहा, ओल्शिंकेच्या थोरल्या मुलीच्या हातची. माहेरी पाठवली.’’

बाईंनी तसंच लिहिलं. मी मान लांब करून पाहिलं.

रेगीना रडत होती. तिने नाक पुसलं, बहिणीच्या मुकुटाकडे पाहिलं आणि नऊ वर्षांतलं पहिलं पूर्ण वाक्य बोलली.

‘‘तुझा क्रूस डावीकडे कललाय.’’

‘‘कळतंय मला. तार संपली.’’

‘‘आमच्याकडे आहे,’’ रेगीना म्हणाली आणि ट्रॉलीकडे गेली. मग दोघी टाचा उंचावून लिपिनीचा क्रूस सरळ करत राहिल्या. पहिलं बक्षीस लिपिनीला मिळालं, नेहमीप्रमाणे. आम्ही सहावे आलो. चौदांत सहावे म्हणजे पेलागिया आजींच्या हिशेबाने जवळजवळ पाचवे. सप्टेंबरच्या बैठकीत लिपिनीच्या सरपंचांनी सही करायला नकार दिला आणि तो विषय पुढे कुणी काढला नाही.

माझ्याशी रेगीना त्या सणाच्या रविवारी बोलली नाही, सोमवारीही नाही. ताटात तीनच बटाटे येत होते. मंगळवारी दुपारी मी कुंपणाला खिळे मारत होतो तेव्हा पुलावर लेओकादिया दिसली. हातात पिशवी, डोक्याला रविवारचा रुमाल. फळी-फळीवर पाय जपून टाकत ती आली, सरळ आमच्या दारात उभी राहिली आणि पिशवी खाली ठेवली. रेगीना पिठाचे हात घेऊन बाहेर आली.

‘‘रुसून आलेय,’’ लेओकादिया म्हणाली.

‘‘कशावरून?’’

‘‘अजून ठरवलं नाही.’’

रेगीनाने पिठाच्या हातांनीच पिशवी उचलली आणि दोघी आत गेल्या. थोड्या वेळाने आतून आधी बोलण्याचा, मग हसण्याचा आवाज यायला लागला. त्यात माझं नाव बऱ्याचदा येत होतं.

मी नदीवर गेलो. पुलाच्या पलीकडच्या टोकाला लोंगीन उभा होता, हातात तिच्या घरच्या चपला घेऊन.

‘‘विसरून गेली,’’ तो म्हणाला. ‘‘गेनेक, किती दिवस राहील?’’

‘‘गुरुवारपर्यंत तरी, वाटतं.’’

त्याने चपला माझ्या हातात दिल्या आणि कान खाजवला.

‘‘गुरुवारी न्यायला यावं लागेल. माफी मागावी लागेल. पण कशाची मागू, तेवढं कळलं तर सांग.’’

‘‘सगळ्याचीच माग,’’ मी म्हणालो. ‘‘मी तेच करणार आहे.’’